वह्या द्याव्यात की वडापचे भाडे?

जून उजाडला की ओळखीतली माणसे मला हमखास एक प्रश्न विचारतात : "गरिबाघरच्या मुलींच्या शिक्षणासाठी थोडे पैसे बाजूला काढले आहेत, वह्या-दप्तरे घ्यावीत का?" शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यापासून मी आणि काही जुने सहकारी कोल्हापूर जिल्ह्यात शाळा सुटलेल्या मुलींना पुन्हा वर्गात बसवण्याची खटपट करतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. तुम्हीही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे उत्तर बहुतेकांना रुचत नाही. वह्या नकोत, मुलीचे घर आणि तिची शाळा यांच्यामध्ये जे आडवे येते, त्यासाठी पैसे द्या. सरकारी शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, गणवेश मिळतो, दुपारचे जेवण मिळते. वही लागतेच, पण केवळ वही नाही म्हणून घरी बसलेली मुलगी मला अजून भेटायची आहे. दप्तरवाटपाचा फोटो मात्र छान येतो, हे मान्य.

शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी या डोंगरी तालुक्यांत अनेक वाड्यांवरची शाळा चौथीला, फार तर सातवीला संपते आणि पुढचे हायस्कूल रस्त्याकडेच्या मोठ्या गावात असते. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, ही मोठीच सोय आहे. परंतु एसटी फाट्यापर्यंतच येते आणि तिथून धनगरवाड्यापर्यंतची चढण रानातून जाते. शाळा पाचला सुटते, पावसाळ्यात त्याआधीच अंधारून आलेले असते, वाटेत गवे आडवे येण्याची धास्ती असते. "पोरीनं शिकून काय करायचं?" असे म्हणणारा बाप आता मला क्वचित भेटतो, तो विचारतो, "बाई, अंधाराचं एकटी पोर वर कशी यायची?" याला व्याख्यान हे उत्तर नव्हे. शेजारच्या दोन-तीन वाड्यांच्या मुलींसाठी मिळून एक वडाप, म्हणजे भाड्याची खासगी जीप, ठरवले, ड्रायव्हर त्याच भागातला ओळखीचा असला आणि महिन्याचे भाडे वेळेवर त्याच्या हातात पडले, की तोच बाप सकाळी मुलीला फाट्यापर्यंत सोडायला येतो.

कोल्हापूरकरांना यात नवे वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले होते. खेड्यातल्या पोराने शहरात येऊन शिकायचे तर त्याने राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा विचार कायद्याच्या आधी झाला होता. ती वसतिगृहे मुलांची होती. मुलींसाठी तेवढ्या तत्परतेने तो विचार झाला नाही आणि त्याची किंमत डोंगरातल्या मुली अजून मोजतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऊसपट्ट्यातली अडचण वेगळी आहे. दिवाळीच्या आसपास बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. गेल्या हंगामात शिरोळ तालुक्यातल्या उसाच्या एका फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, आम्ही सकाळी नऊच्या सुमारास गेलो, तेव्हा मोठी माणसे केव्हाच फडात गेली होती. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन तीन दगडांच्या चुलीवरचे डेचके खाली उतरवत होती आणि डेचक्याकडे येणारे कुत्रे पायाने हुसकावत होती. शाळेची घंटा तिथपर्यंत ऐकू येत होती. "येतेस का शाळेत?" म्हटल्यावर तिने भावाकडे पाहिले आणि विचारले, "ह्याला घेऊन बसू देतेल का?"

प्रवेशाचे बघता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, आणि वर्ष अर्धे सरले असले तरी वयानुरूप वर्गात बसवावे लागते. मुख्याध्यापकांशी थोडे बोलावे लागते, इतकेच. भावाचे काय करायचे, हे कायद्यात नाही. अंगणवाडीत बसवायचे तर मूल तीन वर्षांचे व्हावे लागते. शेवटी गावातल्याच एका मावशींना महिन्याचे पैसे ठरवून देवळाच्या मंडपात पाळणाघर सुरू केले आणि ती मुलगी, तिच्यासारख्या आणखी काहीजणी, चौथीच्या आणि पाचवीच्या वर्गात जाऊन बसू लागल्या.

मुलांना मूळ गावीच ठेवावे म्हणून तिकडे हंगामी वसतिगृहे चालवली जातात. परंतु वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीने कित्येक आईबाप हंगामाच्या तोंडावरच तिचे लग्न उरकतात. लग्नाला १८ वर्षे लागतात हे त्यांना ठाऊक असते. लग्न झाले की नवी जोडी, म्हणजे नवा कोयता, नवी उचल.

तेव्हा तुमची रक्कम जूनमध्ये एकदम खर्चू नका. डोंगरातल्या वडापचे भाडे दर महिन्याला लागते, आणि पाळणाघराच्या मावशींचा पगार दिवाळीनंतर सुरू होऊन पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्चअखेर, द्यावा लागतो. वह्या घ्यायच्याच असतील तर त्याच वेळी घ्या. टोळ्यांतल्या मुली वर्गात येतात, तेव्हा जूनमधले वाटप संपलेले असते.