आल्प्समध्ये पहिलं स्कीइंग: आधी बूट नीट बघा
भाड्याच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळ बुटांना द्या. माप सेंटिमीटरमध्ये असतं: पाऊल २६ सेंमी, तर बूट २६ किंवा २६.५. पायमोजा प्रत्येक पायात एकच, पातळ. दोन चढवले की रक्तपुरवठा अडतो आणि पाय उलट जास्त गारठतात. टाच मागे आपटून बसवा, मग बकलं लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकणारच. गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. आणि वजन खरं सांगा, लाजू नका! बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीच्या पट्टीला धरून ठेवणारी पकड, किती जोराला सुटेल हे त्यावरही ठरतं. कमी सांगितलं तर स्की मध्येच निखळते, जास्त सांगितलं तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. उतार किती अवघड हे रंगाने दाखवतात: फ्रान्समध्ये सर्वांत सोपा उतार हिरवा, ऑस्ट्रियात निळा.