मे महिना, बावखल आणि आमची पोरं

आमच्या पॅरिशची युवा मंडळी दरवर्षी मे महिन्यात कॅम्प करते, गाणी, खेळ, प्रार्थना, एखादा दिवस वृद्धाश्रमात, असं. यंदा पोरांनीच जाऊन फादरना सांगितलं की आम्हाला बावखल साफ करायचंय, आणि सोबत कोणीतरी मोठं माणूस हवं म्हणून मी गेले. ते तीन आठवडे अजून मनातून जात नाहीत म्हणून लिहितेय.

वसईबाहेरच्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं छोटं तळं. जुन्या लोकांनी खणलं, निघालेली माती घराखाली आणि वाडीत भर म्हणून घातली आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठवलं. त्यावर रहाट, रहाटाला बैल, आणि त्या पाण्यावर केळी, पानवेली, मोगरा. पण त्याचं खरं काम डोळ्यांना दिसतच नाही, ते पाणी जमिनीत मुरतं, आसपासच्या विहिरी जिवंत राहतात आणि समुद्र एवढा जवळ असूनही खारं पाणी आत सरकायला बघत नाही. मग नळ आले, मोटारी आल्या, रहाट थांबले, वाड्या विकल्या गेल्या, कित्येक बावखलं भराव टाकून बुजवली आणि उरली त्यांची कचराकुंडी झाली.

आमच्यावरही जलपर्णी इतकी दाट की पाणी आहे हेच कळत नव्हतं. सकाळी सहाला सुरुवात, ऊन चढलं की साडेनऊला बंद. पहिल्या दिवशी नुसतं प्लास्टिक, थर्माकोल, बाटल्या आणि एक फ्रिजचा दरवाजा. कॉलेजची पोरं, काहींनी आयुष्यात फावडं धरलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हाताला फोड. तिसऱ्या दिवशी येतील का असं वाटलं मला, तर सगळी आली, वर धाकट्या भावंडांना घेऊन.

गाळ काढायला एकाने जेसीबी आणूया म्हटलं. पैसेही जमले असते. तेव्हा वाडीतले एक आजोबा, रोज काठावर खुर्ची टाकून बसायचे ते, उठले आणि म्हणाले, "मशीन नको रे बाबांनो, काठ ढासळेल, आणि खाली जास्त खोल गेलात तर खारं पाणी लागेल, मग सगळंच गेलं." लहानपणी त्यांनी याच बावखलावर रहाटाचा बैल हाकलेला. त्या दिवसापासून ते खुर्चीत आणि पोरं त्यांच्या भोवती, कुठे थांबायचं ते तेच काठी टेकून दाखवायचे. मग काय, घमेली आणि माणसांची रांग. शेजारच्या सामवेदी ब्राह्मण घरातल्या काकू रोज कोकम सरबत घेऊन यायच्या, त्यांची आमची बोली एकच, त्यामुळे गप्पांनाही बरं. संध्याकाळी क्रुसाजवळ रोजरी असायची तिथे तीच पोरं, नखांत गाळ तसाच.

मला सारखी फादर दिब्रिटोंची आठवण येत होती. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून बाहेरचे लोक त्यांना ओळखतात, पण आमच्यासाठी ते आधी हरित वसईच्या लढ्याचे फादर. वसईचं पाणी आणि हिरवळ वाचवायला माणसं रस्त्यावर आली ती त्यांच्यामागे. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. आमच्या ग्रुपमधली बरीच पोरं त्या लढ्यानंतर जन्मलेली, त्यांना मोर्चे ऐकूनच माहीत, म्हणून मला वाटतं त्यांना भाषणं कमी द्यावीत आणि फावडी जास्त द्यावीत. एका रविवारी झाडू मारून फोटो काढण्याला माझा मनापासून विरोध आहे, तीन आठवडे एकाच जागेवर राबलं की ती जागा आपली होते आणि मग तिथे कोणी पिशवी टाकली तर पोरं स्वतः जाऊन बोलतात, हे मी पाहिलंय.

जूनच्या मध्यावर जोराचा पाऊस झाला. रात्री ग्रुपवर फोटोवर फोटो, बावखलात पाणी. सकाळी मी गेले तर काठावर खंड्या बसलेला आणि आजोबा छत्री घेऊन उभे. मला म्हणाले, "पोरींना सांग, मोगरा लावायचा तर आत्ताच लावा."

कलमं आणलीत. रविवारी चर्चमधल्या दुसऱ्या मिस्सानंतर (प्रार्थनेनंतर) लावतोय, ज्यांच्या वाडीत जास्तीची असतील त्यांनी घेऊन या.