२१० आणि २४०

लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली सप्टेंबर २००८ मध्ये, अमेरिकेत. भोसरी एमआयडीसीला लागून असलेल्या आमच्या शाळेत तिची झळ दिवाळीनंतर पोचली. मोठ्या वाहन कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतलं, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद ठेवला, की त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमधले लेथ थांबतात. कायम कामगारांचं कसंबसं भागतं, कंत्राटी माणसाला मात्र गेटवरूनच परत पाठवतात. भर वर्षात पालक शाळा सोडल्याचा दाखला मागायला येऊ लागले. कुणी लातूरला निघालेलं, कुणी बीडला.

अशात जानेवारीत आमदारसाहेब संगणक कक्षाच्या उद्घाटनाला आले आणि मुख्याध्यापकांनी त्यांना माझ्या नववीच्या वर्गात आणलं. गुलाब, स्वागतगीत वगैरे झालं. साहेब चांगलं बोलले. केंद्राने डिसेंबरमध्ये उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी कमी केलंय, रिझर्व्ह बँकेने बँकांना कर्ज देण्याचा रेपो दर ९ वरून ५.५ टक्क्यांवर आणलाय, मंदी फार दिवस टिकणार नाही, तुम्ही अभ्यास करा.

एक मुलगी उठली. "साहेब, ट्रक काय कुणी रोखीने घेत नाही. फायनान्सवाले कर्जच देईनात, असं पप्पा म्हणतात. ट्रक खपले नाहीत तर आमच्या शेडला काम कुठून येणार?"

"बरोबर आहे पोरी तुझं," साहेब म्हणाले. तिथून पुढे त्यांचा भाषणाचा सूर गेला.

मग मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा उभा राहिला. त्याचे वडील हेल्पर. "पप्पांना दर सात महिन्यांनी ब्रेक देतात. या वेळी ब्रेकनंतर बोलावलंच नाही. कामावरून काढलं तर भरपाई असते ना?"

साहेबांनी माझ्याकडून खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: ७ × ३० = २१०. त्याखाली २४०. म्हणाले, "औद्योगिक विवाद कायदा, १९४७. वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर काढताना नोटीस द्यावी लागते, भरपाईही. वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तुझ्या वडिलांचे दिवस भरूच देत नाहीत, बाळा. ब्रेक त्यासाठीच असतो."

कामगारांच्या मुलांसमोर हे इतक्या उघडपणे सांगणारा पुढारी मी तोवर पाहिला नव्हता. त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर आहे.

पण मुलगा बसला नाही. "हे तुम्हाला माहीत आहे, तर विधानसभेत विचारा ना. प्रश्नोत्तराचा तास असतो, बाईंनी शिकवलंय."

मुख्याध्यापक मला डोळ्यांनी खुणावत होते, त्याला बसवा म्हणून. मी बसवलं नाही. नागरिकशास्त्र शिकवायचं आणि ते वापरायची वेळ आली की मुलाला गप्प करायचं, हे माझ्याने झालं नसतं.

"विचारतो," साहेब म्हणाले.

विचारलं नाही त्यांनी. अधिवेशन झाल्यावर मी त्यांच्या कार्यालयात गेले, तेव्हा 'विषय केंद्राच्या कायद्याचा आहे' एवढंच उत्तर मिळालं. कायदा केंद्राचा, हे खरंच. पण त्याची अंमलबजावणी तेव्हा राज्याचं कामगार खातं बघायचं, आणि प्रश्न त्या खात्याला विचारता आला असता. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

एक काम मात्र त्यांच्या माणसांनी केलं. कंत्राटदाराकडे अडकलेले त्या वडिलांच्या पीएफचे कागद सोडवून दिले. ते पैसे घेऊन वडील गावी गेले. मुलाचा दाखला आम्ही काढू दिला नाही. दहावी होईपर्यंत तो मामाकडे दिघीला राहिला.