रंग लागलेली माणसं

मराठी कथेत बाई आली की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत तिचा वर्ण कळतो. ती केतकी असते, नाहीतर गव्हाळ, नाहीतर सावळी आणि तरतरीत. पुरुष आला की त्याला उंची मिळते, मिशी मिळते, वडलांची जुनी स्कूटर मिळते. वर्ण मिळालाच तर रापलेला. पुढची बारा पानं त्या केतकी वर्णाचा कुणालाही काडीचा उपयोग होत नाही. बाई भांडते, नोकरी टिकवते, सासऱ्यांचं औषधपाणी बघते, आणि हे सगळं गव्हाळ बाईनं केलं असतं तरी कथेतला एक स्वल्पविराम हलला नसता. वर्णाचा रकाना वधू-वर मंडळाच्या फॉर्मात असतो, तो तिथंच बरा.

रंगाशी माझं वाकडं नाही. मी सोलापूरची, त्यातही पूर्व भागातली. आमच्याकडे सुताला आधी रंग चढतो आणि मग ते मागावर जातं. कित्येक घरांची चूल त्या रंगावर पेटली. म्हणूनच कथेत रंग फुकट गेलेला बघवत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पात्राचा जन्मजात रंग सांगण्यापेक्षा त्याला नंतर लागलेला रंग सांगावा. कामानं लागलेला, उन्हानं लागलेला, धुण्यात उतरलेला, हौसेनं अंगावर घेतलेला.

तसंही सोलापुरात माणसाला एकच रंग कुठं असतो? मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की वर्णाचे तुकडे पडतात. दुचाकीवरून वसुलीला फिरणाऱ्या माणसाची बोटं एका रंगाची, घड्याळाखालचा पट्टा दुसऱ्या, आणि बाही वर सरकली की दंड तिसऱ्याच. त्याला गोरा म्हणायचं की काळा? त्यापेक्षा घड्याळ काढल्यावर मनगटावर राहिलेला पांढरा पट्टा लिहावा. घड्याळ गहाण पडलं असेल तर तो पट्टा हळूहळू भरत जाईल, आणि बायकोला सांगायच्या आधी वाचकाला कळेल.

आमच्या गल्लीत एक रंगारी मामा होते. डाय हाऊसमध्ये कामाला. हात कोपरापर्यंत घासून धुवायचे, तरी बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्यांत निळं-लाल राहायचंच, आणि नखं तर कायमची रंगलेली. मग काम बंद पडलं. मामा कुणाला काही बोलले नाहीत, रोज ठरल्या वेळी डबा घेऊन घराबाहेर पडत. पण नखं बोलायला लागली. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. बुडाशी कोरं, गुलाबी नख उगवत होतं आणि रंग टोकाकडे सरकत होता. मामींनी एकदा चहाचा कप हातात देताना ते बघितलं. त्यानंतर डबा बांधणं बंद झालं, भांडण मात्र झालं नाही. मामांचा वर्ण कसा होता, म्हणून कुणी विचारलं तर मला आठवून सांगावं लागेल. नखं विचारायची गरज नाही.

पांढरा रंग लिहायला सगळ्यात अवघड, कारण सगळ्यांना तो सोपा वाटतो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला सात नंदीध्वज निघतात तेव्हा पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतल्या माणसांनी रस्ता भरून जातो. या गर्दीतला एक माणूस कथेत आणायचा तर काय करणार? सगळेच पांढरे. जवळ जाऊन बघावं लागतं. एकाची बाराबंदी नवी, कांजीची घडी अजून मोडलेली नाही. एकाची वडिलोपार्जित, घडीच्या कडांवर पिवळट पडलेली. आणि एकाच्या पाठीवर निळे डाग, कारण नीळ पाण्यात नीट ढवळली नव्हती. बायको गेल्यापासून हा माणूस आपले कपडे आपणच धुतो, हे मग वेगळं लिहायचं कारण उरत नाही. विधुराचे डोळे पाणावल्याचं वाक्य तर मुळीच नको.

शाळेच्या गणवेशाचंही तसंच. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने भरपूर, म्हणून आम्हाला खाकीतल्या छटा कळतात. वर्गातली चाळीस मुलं एका रंगाची हे फक्त तपासनिसाला दिसतं. मुलांना माहीत असतं, कुणाची चड्डी दुकानातली आणि कुणाची थोरल्या भावाकडून उतरलेली.

आपल्या जुन्या कथाकारांना हे पक्कं ठाऊक होतं. महाभारतात अंबालिका व्यासांना बघून भीतीनं पांढरीफटक पडते, म्हणून तिचा मुलगा फिकट वर्णाचा जन्मतो, आणि त्याचं नाव पांडू. त्या वर्णामागं एक रात्र आहे, सासूचा हुकूम आहे, एका पोरीची भीती आहे. रंगाला एवढं कारण असेल तर खुशाल लिहावा. शिवाय कथा घडवणारे व्यास काळे, ती हलवणारा कृष्ण काळा आणि जिच्यामुळं ती पेटते ती द्रौपदीही काळी. आणि हे काळेपण झाकायचा कुणी प्रयत्न केलेला नाही. उलट सावळ्या कृष्णाला पिवळा पीतांबर दिला आणि गोऱ्या बलरामाला निळं वस्त्र. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला कापडातलं कळत होतं, असं आमच्या भागात कुणीही सांगेल.

आता उजेडाचं. साडीच्या दुकानात मुरलेलं गिऱ्हाईक साडी उचलून दाराशी नेतं, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला ब्लाउजपीस उन्हात दगा देतो. दोन कापडांवर रंगद्रव्यं वेगवेगळी असली की एका उजेडात ती जुळी वाटतात आणि दुसऱ्या उजेडात सावत्र. रंगाऱ्याला शेड जुळवताना हीच धास्ती असते. लेखकाला मात्र ती नसते. नायिकेची साडी रात्री बसस्टँडवर, पहाटे अंगणात आणि दुपारी गच्चीवर एकाच ठाम मोरपंखी रंगाची. बसस्टँडच्या पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी उरतो कुठं? आधी दिवा कुठला ते सांगा, मग साडी सांगा.

आणि बघतंय कोण, तेही. दहा वर्षांचा मुलगा कथा सांगत असेल आणि त्याच्या तोंडी ‘अबोली’ किंवा ‘गुलबक्षी’ आलं की मी पुस्तक मिटते. पोराला गुलाबी कळतो, फार तर राणी कळेल आणि तोही आईबरोबर दुकानात बसून बसून पाय अवघडले असतील तर. मावशीला मात्र वांगी, अंजिरी, डाळिंबी हे तीन वेगळे रंग असतात आणि त्यांतला कुठला कुणाच्या लग्नात नेसली होती तेही तिला आठवतं. पुरुष सगळ्यालाच जांभळा म्हणून मोकळा होतो. (आमच्या घरातला तर निळाच म्हणतो.) एकाच साडीला तिघांनी तीन नावं दिली की माणसं न सांगता वेगळी पडतात. सोलापुरी चादर उलटी केली की तेच फूल दिसतं, पण जमिनीचा रंग फुलाला आणि फुलाचा जमिनीला गेलेला असतो. नणंदेनं सांगितलेली वहिनी आणि वहिनीनं सांगितलेली नणंद यांतही तेवढीच अदलाबदल असते.

खलनायकाला काळे कपडे घालण्याबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही. माझ्या पाहण्यातली कपटी माणसं फिकट, इस्त्रीचे, डोळ्यांना गार वाटणारे शर्ट घालतात. कर्ज देणाऱ्यानं भडक घातलेलं मी तरी बघितलं नाही.

उलट्या टोकालाही लोक जातात. दर पानावर रंग, आणि प्रत्येकाला अर्थ. लाल म्हणजे राग, हिरवा म्हणजे मत्सर, पिवळा आला की वाचकानं समजून घ्यावं. असं वाचताना मला रंगपंचमीनंतरची मोरी आठवते, सगळे रंग एकत्र वाहून शेवटी मातकट पाणी. एका कथेत एक रंग लक्षात राहिला तरी पुष्कळ झालं.

परवा शेजारच्या अक्कांनी माझी कथा वाचली. दुपारची वेळ, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. विड्या वळता वळता अंक शेजारी उघडा ठेवून वाचल्यामुळं पानांच्या कडांना तपकिरी बोटं उमटलेली. म्हणाल्या,

“कथा झ्याक हाय. पण ती बाई लग्नाला विटकरी साडी कशाला नेसली गं? तिला खुलत नाही तो रंग.”

कथेत त्या बाईचा वर्ण मी कुठंच लिहिलेला नव्हता. म्हटलं, “खुलत नाही हे तुम्हाला कसं कळलं, अक्का?”

“दिसतंय की.”

“नवऱ्यानं आणलीय हो ती साडी.”

“हां, मग नेसावी लागतीच,” अक्का म्हणाल्या आणि विडीला दोरा गुंडाळला. “पण त्याला सांग, फुडच्या बारीला तिला संगं घेऊन जा म्हणावं दुकानात.”