२७ पोरं, दोन इयत्ता आणि चपलांची रांग

गेल्या वर्षी माझी बदली सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या झेडपी शाळेवर झाली. पट, म्हणजे शाळेतली एकूण पोरं, ५२, आणि ६० पर्यंत पट असला की शिक्षक दोनच, त्यामुळे पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे, एका खोलीत २७ पोरं. जोडवर्ग ज्यांनी घेतलाय त्यांना बाकी सांगायला नको. तिसरीला वजाबाकी शिकवताना चौथीनं गप आपलं काम करत बसायचं असतं, आणि चौथी कधीच गप बसत नाही.

मी काय केलं तर सगळे करतात तेच. घरी बसून मोठ्ठी कार्डशीट घेतली, स्केचपेननं दहा नियम लिहिले, शांतता राखा, शिस्त पाळा, वर्ग स्वच्छ ठेवा वगैरे, वेलबुट्टीची बॉर्डर काढली, फोटो स्टेटसला पण टाकला. दोन आठवडे तो तक्ता भिंतीवर होता आणि खाली बाजार भरलेला. "बाई यानं माझं रबर घेतलं", "बाई लघवीला जाऊ", एक निघाला की मागून चारजण निघायचे. माझा घसा असा बसला की पर्समध्ये खडीसाखरेची पुडी ठेवायला लागले. एक दिवस वैतागून तक्त्याकडं बोट दाखवलं तर तिसरीतली एक पोरगी अगदी मनापासून म्हणाली, "बाई, शांतता राखायची म्हंजी नेमकं काय करायचं?" मला उत्तर देता येईना. तोंड बंद ठेवायचं? मग मी प्रश्न विचारल्यावर?

ऑगस्टात १५ तारखेसाठी लेझीमची प्रॅक्टिस सुरू झाली, सर घेत होते. हीच पोरं, आणि काय सुंदर करत होती! सरांची पद्धत म्हणजे एका वेळी लेझमीचा एकच हात, म्हणजे एकच प्रकार, आधी स्वतः करून दाखवायचं, मग हळू, मग हलगीवर. कुणी चुकलं तर ओरडणं नाही, नुसतं "पुन्हा पहिल्यापासून". लेझमीचा काही तक्ता नव्हता भिंतीवर. तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला की आपण नियम सांगतोय, सराव कुठं घेतोय?

मग सुरुवात चपलांपासून केली कारण पावसाळा, सगळा चिखल वर्गात यायचा. व्हरांड्यात खडूनं रेघ मारली. आधी मीच चुकीचं करून दाखवलं, एक चप्पल इकडं एक तिकडं भिरकावली, पोरं खोखो हसली. मग बरोबर करून दाखवलं, मग एकानं, मग सगळ्यांनी, आणि बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून. परिपाठ झाल्यावर रोज दहा मिनिटं, चार दिवस फक्त चपला. (टाचणात, म्हणजे शिकवण्याच्या रोजच्या नोंदवहीत, हे काय म्हणून लिहायचं हा वेगळाच प्रश्न, मी कार्यानुभव लिहून मोकळी झाले.) पुढच्या आठवड्यात वह्या गोळा करणं, मग काम संपल्यावर मला न विचारता पुढं काय करायचं ते. जोडवर्गात हेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला, जवळजवळ महिना.

लघवीसाठी दारामागं खिळ्याला दोन रिबिनी टांगल्या, एक मुलांची एक मुलींची. रिबीन जागेवर असेल तर घेऊन जायचं, नसेल तर थांबायचं, बाईंना विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात एकजण रिबीन खिशात घालून घरीच गेला. आता तिथं जुन्या कुलपाच्या मोठ्या किल्ल्या आहेत, खिशात मावत नाहीत.

टाळीची खूण मात्र साफ फसली. मी दोनदा वाजवली की त्यांनी तीनदा वाजवून गप व्हायचं असं ठरलेलं, पण त्यांना ती इतकी आवडली की मी नसतानाही वाजवत बसायची. शेवटी नुसता हात वर करून उभी राहायला लागले, एक शब्द न बोलता. पहिल्यांदा मनातल्या मनात शंभर अंक मोजून झाले तरी गलका चालूच, खांदा दुखायला लागला. आता वीसच्या आत होतं.

पालकांचं म्हणणं एकच, "बाई, द्या दोन रट्टे, आमची काय तक्रार नाय." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ सांगितलं, मारायलाही बंदी आणि घालूनपाडून बोलायलाही. एक आजोबा म्हणाले, "आमच्या टायमाला कुठं गेलता ह्यो कायदा?" खरं सांगायचं तर हात माझेही शिवशिवतात, पण मार खाऊन चप्पल रांगेत लावणारं पोरगं मी नसताना लावत नाही हे आधीच्या शाळेत बघितलंय.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं पाण्यात. रेघ पुसलेली, चपला गावभर. मला रडूच आलं होतं, पण पुन्हा चपलांपासून घेतलं तर दोन दिवसात रुळावर आलं. खिचडीच्या वेळी हात धुण्याचं अजून जमलेलं नाही. नळ दोन, पोरं ५२, आणि आहाराच्या ताईंनी हाक मारली की रांगबिंग कुणाला आठवत नाही. चौथीतली दोघंजण बादलीतून मगानं पाणी घालतात, त्यानं अर्धी गर्दी कमी होते एवढंच.

जानेवारीत पोरांना म्हणलं, एखादा नियम तुम्ही सुचवा. मला वाटलं खेळाचा तास वाढवा म्हणतील. पण सगळ्यांचं एकमत, "बाईंनी वर्गात फोन घ्यायचा नाय." केंद्रावरून, म्हणजे आसपासच्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखांकडून, माहिती मागवणारे फोन दिवसभर येत असतात हो, पण काय बोलणार, त्याचाही सराव झाला, फोन वाजला तरी उचलायचा नाही, चार दिवस, पोरं माझ्याकडं बघत बसलेली. आता फोन कपाटात असतो, केंद्रप्रमुख आमच्या मुख्याध्यापक सरांना फोन लावतात आणि वैतागायचं काम सरांकडं गेलंय.