तक्रारअर्जातील 'नुकसान' हा शब्द

काही वर्षांपूर्वी एक दांपत्य जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करण्यासाठी माझ्याकडे आले होते. त्यांच्या मुलीला जन्मतः मणक्याचे व्यंग होते, आणि गरोदरपणाच्या एकोणिसाव्या आठवड्यात केलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात मणक्यापुढे 'नॉर्मल' असा शेरा होता. मसुदा वाचताना आई एका ओळीवर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, हे नुकसान म्हणजे आमची मुलगीच ना? असंच लिहायचं का?" नुकसान मुलीच्या जन्माने नव्हे, तर वेळेत माहिती न मिळाल्याने झाले, असे कायद्याचा आधार असलेले उत्तर मी दिले. त्याने तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

याच शब्दावरून फ्रान्समध्ये एके काळी न्यायालय आणि संसद समोरासमोर आली होती. 1982 मध्ये तेथील एका गरोदर स्त्रीच्या थोरल्या मुलीला रूबेला, म्हणजे गरोदरपणात झाल्यास गर्भाला इजा करू शकणारा संसर्गजन्य आजार, झाला. आपल्यालाही संसर्ग झाला असेल तर गर्भपात करायचा, असे तिने डॉक्टरांना आधीच सांगितले होते. प्रयोगशाळेच्या चुकीमुळे तिला रोगप्रतिकारशक्ती असल्याचा निर्वाळा मिळाला, आणि 1983 च्या जानेवारीत जन्मलेल्या मुलाच्या मेंदूला, डोळ्यांना, कानांना व हृदयाला गंभीर इजा झालेली आढळली. हा खटला त्या कुटुंबाच्या आडनावाने जगभर ओळखला जातो. ते आडनाव त्या मुलाचेही आहे, म्हणून मी ते येथे लिहीत नाही. आईवडिलांना भरपाई मिळावी यावर फारसा वाद नव्हता. खरा वाद होता तो, मुलाला स्वतःच्या नावाने भरपाई मागता येईल का, हा. 17 नोव्हेंबर 2000 रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाच्या पूर्णपीठाने 'येईल' असे उत्तर दिले.

त्यावर मोठे काहूर माजले. काही आयुष्ये जन्माला न आलेलीच बरी, असे न्यायालय म्हणते आहे काय, असा सवाल अपंगांच्या संघटनांनी केला, तर प्रसूतिपूर्व सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी संप पुकारला. अखेर 4 मार्च 2002 च्या कायद्याच्या पहिल्याच कलमात संसदेने लिहिले की, केवळ जन्माला आल्यामुळे आपले नुकसान झाले, असा दावा कोणालाही करता येणार नाही. डॉक्टरांची चूक ठळक आणि गंभीर असेल तरच आईवडिलांना स्वतःपुरती भरपाई मागता येईल. अपंगत्वामुळे आयुष्यभर होणारा खर्च मात्र त्यात धरला जाणार नाही, तो भार राष्ट्राने उचलायचा, असे ठरले. हा नियम प्रलंबित दाव्यांनाही लावण्यात आला होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 रोजी दोन कुटुंबांच्या बाजूने निकाल देताना त्यावर ठपका ठेवला, आणि 2010 मध्ये फ्रान्सच्या घटना परिषदेने मूळ तत्त्व कायम ठेवून पूर्वलक्षी भाग रद्द केला.

माझे मत विचाराल तर संसदेचे ते वाक्य सुंदर आहे, पण सुंदर वाक्याने फिजिओथेरपीचे बिल भागत नाही. न्यायालयाचा युक्तिवाद अवघडलेला होता हे मान्य; तरी आईवडिलांच्या पश्चात मुलाच्या हाती त्याच्या हक्काची रक्कम राहावी, ही त्यामागची सोय मला पटते.

आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून हाच मार्ग प्रामुख्याने वापरला जातो. सोनोग्राफीत प्रत्येक व्यंग दिसतेच असे नाही, त्यामुळे साधारण कौशल्याच्या, काळजीपूर्वक काम करणाऱ्या रेडिओलॉजिस्टला ते दिसायला हवे होते, हे तक्रारदाराला सिद्ध करावे लागते. पुढचा प्रश्न याहून अवघड: ते कळले असते तरी गर्भपात कायद्याने शक्य होता का? 1971 च्या कायद्यात वीस आठवड्यांची मर्यादा होती, आणि व्यंगांसाठीची सोनोग्राफी साधारण अठरा ते वीस आठवड्यांत होते, म्हणजे विचाराला मिळणारा अवधी जेमतेम काही दिवसांचा. 2008 मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार आणि मुंबईतील एक दांपत्य चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास उच्च न्यायालयात गेले, गर्भाच्या हृदयात दोष होता, तरी परवानगी मिळाली नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास ही मर्यादा लागू होत नाही. त्यामुळे 'मुदत तशीही संपलीच होती' हा सामनेवाल्यांचा जुना बचाव आता बराच लंगडा झाला आहे.

तक्रारीची मुदत मात्र दोनच वर्षांची आहे, आणि अशा मुलाचे आईवडील ती दोन वर्षे बहुधा रुग्णालयाच्या बाकावरच काढतात. या दांपत्याच्या अर्जासोबतही विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागला.

मसुदा आम्ही पुन्हा लिहिला. 'मुलीच्या जन्मामुळे झालेले नुकसान' हे शब्द काढून तेथे दोन शस्त्रक्रिया, कॅलिपर, कॅथेटर आणि फिजिओथेरपी यांचा खर्च एकेक करून मांडला. शेवटची बाब आईने स्वतः सांगितली: शाळेत नेण्या-आणण्याचे रिक्षाभाडे, दरमहा.