निहाली ऐकायला गेलो, पैसे खिशात घेऊन

निहाली ही निहाल या आदिवासी जमातीची, संपत चाललेली भाषा. ती टिकावी म्हणून आम्ही मित्र थोडे पैसे जमवून तिच्या गावात गेलो होतो. तुम्हालाही जायचं असेल तर आधी वाटेचं सांगतो. तिकीट काढताना नुसतं 'जळगाव' म्हणू नका. आमच्यातला एक जण तेवढंच म्हणाला आणि खानदेशातल्या जळगावात बसून आम्हाला फोन करत राहिला. आपल्याला हवं ते जळगाव जामोद, बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. रेल्वेने १०५ फुटी हनुमानाच्या नांदुऱ्याला उतरायचं आणि पुढे एसटी. जामोद, सोनबर्डी आणि संग्रामपूर तालुक्यातली काही गावं हा निहाली भाषेचा मुलूख. आम्ही राहिलो त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दर रविवारी तिथे गाड्या लागाव्यात असं वाटत नाही.

बोलणारे दोन-अडीच हजार. भाषेचं नातं जगात कुणाशीच लागत नाही. शेजारच्या आदिवासींची कोरकू भाषा जवळची खरी, पण ती मुंडा कुळातली, म्हणजे संथाळीच्या गोतातली. निहालीत दोन, तीन, चारला इरार, मोथो, नालो म्हणतात. ऐकून तेलुगू-कानडीची आठवण येते, पण ते आकडे उसने घेतलेले. युनेस्कोने ही भाषा अतिसंकटग्रस्त ठरवली आहे.

आम्ही मित्रांनी वर्गणी काढून चाळीस हजार जमवले होते. सरकारी पैसा इथवर का पोचत नाही, हे निघण्याआधी थोडं वाचलं होतं. अनुसूचित जमातींच्या यादीत निहालांना स्वतंत्र जागा नाही, कोरकूंच्याच नोंदीत त्यांचं नाव आहे. जनगणनेत दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषांचे आकडे वेगळे छापत नाहीत. शेजारच्या मेळघाटात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे आणि ग्रामपंचायतींना अबंध (खर्च गावाने ठरवायचा असा) निधी मिळतो; पण हा कायदा अनुसूचित क्षेत्रातच चालतो आणि बुलढाणा जिल्हा त्यात नाही. थोडक्यात, निहालीच्या नावाने रुपया टाकायला रकानाच नाही. दहा हजारांखालच्या भाषांसाठी २०१३ पासून केंद्राची योजना आहे, मैसूरच्या भारतीय भाषा संस्थेमार्फत. तिचा भर नोंदी, कोश, व्याकरण यांवर. निहालीचं व्याकरण २०१४ मध्ये छापूनही झालं. पण व्याकरण छापलं म्हणून पोरं बोलायला लागत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी एका आजोबांसमोर रेकॉर्डर ठेवला आणि विचारलं, पाणी? ते म्हणाले, "डा." मी लिहून घेतलं. दारात उभी असलेली त्यांची नात हसायला लागली. डा कोरकू शब्द आहे. मी पाहतच राहिलो, तर आजोबा शांतपणे म्हणाले, "भायेरचा मानूस आला का कोरकूच इचारते." मग समोरचा पेला उचलून माझ्या हातात दिला. "जोप्पो." त्या 'प्प'वर त्यांचे ओठ क्षणभर मिटून राहिले. मी तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा नातीने मान हलवली. म्हणून सांगतो, शब्दांची यादी घेऊन जाऊ नका. वस्तू हातात घ्या, कामात बसा, आणि चुकलात की हसणारं एखादं पोर जवळ असू द्या.

पुढची चूक माझी एकट्याची. निघताना मी आजोबांच्या हातात पाचशेची नोट ठेवली, सगळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी कुणीच बोलायला येईना. त्यांना पैसे, मग आम्हाला का नाही, हा प्रश्न रास्तच होता. शेवटी गावाची बैठक बसली आणि दर गावानेच ठरवला. जो येईल त्याला त्या दिवसाची मजुरी, घर पाहून कमीजास्त नाही. पैसे दोन बायकांकडे राहतील, हिशेब भिंतीवर लागेल. जे ठरवायला आम्ही पुण्यात तीन बैठका घेतल्या होत्या, ते तिथे अर्ध्या तासात झालं.

चाळीस हजारांतला मोठा वाटा म्हणूनच म्हाताऱ्यांच्या वेळेवर गेला. कॅमेऱ्याचा बेत मी खोडला, त्यावरून एक मित्र अजून रुसलेला आहे. कॅलिफोर्नियात एक जुना कार्यक्रम आहे, त्यात म्हातारा आणि शिकणारा अशी जोडी लावतात आणि मानधन दोघांनाही देतात. आम्ही त्याचंच गावठी रूप केलं: रोज संध्याकाळी दोन म्हातारे, डझनभर पोरं, तासभर मराठी बंद. पहिल्या दिवशी तो तास दहा मिनिटांत आटोपला. पोरांना कळतं सगळं, उत्तर मात्र मराठीत येतं. चौथ्या दिवशी पोरं एकमेकांना आकडे म्हणून डिवचायला लागली. चारपर्यंत निहालीत, पुढे पाचपासून आपलेच.

रेकॉर्डिंग केलंत तर प्रती गावात ठेवा. तिथे साधे फोन बरेच आहेत, म्हणून एमपी३ करून मेमरी कार्डांत भरून दिल्या. पेन ड्राइव्ह कुणी उघडूनही पाहिला नसता. आणि कुणाचा आवाज बाहेर जाईल, कुणाचा नाही, हे आधी विचारा. एका आजीने लग्नाचं गाणं दिलं, पण 'हे इथंच राहू द्या' म्हणाली. ते आमच्याकडे नाही.

मोठ्या पैशाचा विचार असेल त्यांच्यासाठी. परदेशी अनुदान घ्यायचं तर संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. म्हणजे शहरातल्या संस्थेने घेऊन गावातल्या मंडळाला दिले, हा रस्ता बंद. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामासाठी कायद्याने ठेवलेल्या पैशात, वारसा आणि संस्कृती बसते, त्यामुळे भाषा तिथे मांडता येते. फक्त असा पैसा घेण्यासाठी सरकारकडे करायची सीएसआर-१ नोंदणी संस्थेने आधी करून घ्या. कंपनीवाले 'लाभार्थी किती' विचारतात. दोन-अडीच हजार ऐकून तोंड वाकडं करतात, तयारीने जा.

कधी जावं? आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. त्यामुळे होळीनंतर, ऊन सोसत असेल तर. अंबाबरवा अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर वनविभागाची परवानगी आधी काढा. कपड्यांची गाठोडी नेऊ नका; आधी कुणीतरी आणलेलं एक गाठोडं समाजमंदिरात तसंच बांधलेलं पडलं आहे. न्यायचंच तर एक सौरदिवा न्या. आमचा आठव्या दिवशी बंद पडला आणि संध्याकाळचा तास तेव्हापासून चुलीच्या उजेडात चालतो.